कंट्रोलचा पोरगा

साखरबाईची आणि माझी ओळख भांडणातून झाली आणि आम्ही दोघांनी ती शेवटपर्यंत भांडूनच टिकवली.

मी कमलाकांत. घर केळव्याशेजारच्या माहीमला, दुकान बोईसरला, आणि दुकान कसलं, तर रेशनचं. सरकारी पाटीवर 'रास्त भाव दुकान' असं लिहिलेलं होतं, पण त्या नावानं मला माझ्या बायकोनंही कधी ओळखलं नाही. लोक म्हणायचे कंट्रोल. कधीकाळी सरकारनं धान्यावर कंट्रोल बसवला, त्यातलं इंग्रजी उडून गेलं आणि शब्द तेवढा पिशव्यांत राहिला. कंट्रोलचे तांदूळ, कंट्रोलचं रॉकेल, कंट्रोलची साखर, आणि मी कंट्रोलवाला. ज्याला इंग्रजीतलं एक अक्षर येत नाही त्यालाही आमच्याकडे हा शब्द येतो. पुढं जो घोळ झाला तो या एका शब्दानं केला, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

साखरबाई जालन्याकडची. तिचा नवरा पुंजाराम तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत मागावर कामाला होता. पुंजाराम दोन पाळ्यांच्या मधे झोपायचा आणि दोन झोपांच्या मधे कामाला जायचा. त्याच्याबद्दल याहून जास्त मलाच काय, साखरबाईलाही माहीत नसावं. नवापूर रस्त्याला एका चाळीत त्यांची खोली होती आणि त्याच खोलीत ती खानावळ चालवायची. बिहारी, ओडिया, नगरी, खानदेशी, सगळ्यांना एकच भाकरी, एकच आमटी आणि एकच हिंदी. "खाना तो खाव, नखरा तुम्हारे गाव में करो." एखाद्या नव्या माणसानं चपाती मागितली तर ती त्याच्याकडे नुसती बघायची. दुसऱ्या दिवसापासून तो माणूस ज्वारी खायचा.

आमचं भांडण कार्डावरून. तिचं रेशनकार्ड गावाकडे, सासऱ्याच्या नावावर. मी म्हणायचो, इथलं कार्ड काढा, मग माल देतो. ती म्हणायची, "कार्ड गावाला हाय, पन प्वाट इथं हाय, त्याचं काय करू?" मी म्हणायचो, पोट बदली करून घ्या. मग ती माझ्या तराजूबद्दल जे बोलायची ते इथं लिहिण्यासारखं नाही, आणि त्यातलं थोडं खरंही होतं.

तिला एकच मुलगा, आनंदा. १९९४ साली तो आठ वर्षांचा होता. दिसायला राजबिंडा, आणि बोलणं म्हणाल तर नाही. हाक मारली तर बघायचा नाही, बघितलं तर तुमच्या खांद्यावरून मागं बघायचा. कारखान्यातून बाप रंगीत दोऱ्यांची तुटकी टोकं आणायचा, ती तो दिवसभर जमिनीवर एकीशेजारी एक लावत बसायचा. मधलं एखादं टोक कुणी हलवलं की चाळ डोक्यावर घ्यायचा. त्यांच्या खोलीची मागची भिंत एका मागाच्या शेडला लागून होती. खटाखट, खटाखट, रात्रंदिवस. इतर भाडेकरू त्या आवाजानं वैतागून खोल्या सोडून गेले, पण आनंदा भिंतीला पाठ लावून त्या आवाजात शांत व्हायचा. शुक्रवारी वसाहतीची सुट्टी असते, माग बंद. शुक्रवारी तो सैरभैर व्हायचा. डोकं भिंतीवर आपटायचा, हात चावायचा. मग साखरबाई काठवट पुढं ओढून भाकरी थापायला बसायची. जेवायला कुणी असो वा नसो, थप थप थप, दुपारभर. त्या थापेवर पोरगा निवायचा. शुक्रवारी चाळीतल्या सगळ्या घरांना, कुत्र्यांना आणि गाईंना फुकट भाकरी मिळायची ती अशी. लोक तिला दानशूर म्हणायचे आणि ती लोकांना काय म्हणायची ते पुन्हा लिहिण्यासारखं नाही.

तिला एकच हवं होतं. आनंदानं शाळेत बसावं. शिकून साहेब व्हावा असलं काही नाही. "चार पोरांत बसू द्या हो त्याला," एवढंच. आपल्या माघारी त्याला माणसांची सवय असावी, हा तिचा हिशेब.

शाळा आमच्या दुकानासमोर आणि शाळेचे हेडमास्तर वामन गुरुजी. गुरुजी शिस्तीचे. त्यांच्या शाळेत मुलं खोकायचीसुद्धा परवानगी घेऊन. त्यांनी आनंदाला आठवडाभर बसवून घेतलं, शुक्रवार आला, आणि शुक्रवारी जे व्हायचं ते झालं. गुरुजींनी साखरबाईला व्हरांड्यात उभं करून सगळ्यांच्या देखत सांगितलं, "बाई, याच्या डोक्यात बिघाड आहे. ही शाळा आहे, दवाखाना नव्हे. डोक्यात बिघाड नाही असं मोठ्या डॉक्टरचं आणा, दुसऱ्या दिवशी घेतो. मी शब्दाचा पक्का आहे."

असा दाखला कुठला डॉक्टर देणार? गुरुजींना ते ठाऊक होतं. नकार देण्याची ती सभ्य रीत होती, आणि सभ्य माणसांचा मला जो राग आहे तो अशा रीतींमुळेच आहे. साखरबाई मात्र तो शब्द गाठीला बांधून घरी गेली.

आणि मग, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, मोठे डॉक्टर स्वतःच बोईसरला आले.

तो एक संयुक्त संशोधन प्रकल्प होता. मुलांच्या मेंदूचे फोटो काढायचे, तेही कवटी न उघडता, चुंबकाच्या मशीनमध्ये घालून. काही मुलं स्वमग्न असतात, काही अतिचंचल असतात, त्यांचे मेंदू इतरांपेक्षा वेगळे दिसतात का ते बघायचं. तीन संस्था एकत्र आल्या होत्या. पैसा परदेशातल्या संस्थेचा, मशीन मुंबईच्या संस्थेचं आणि डोकी आमची. तिसरी संस्था दिल्लीची होती. ती काय देत होती ते कळलं नाही, बहुधा सही. मुंबईचे मोठे डॉक्टर, परदेशी बाई आणि त्यांची माणसं सोमवार ते शुक्रवार बोईसरला संशोधन करायची आणि शनिवार-रविवार केळव्याला समुद्रकिनारी त्यावर विचार करायची. विचार करून आली की सोमवारी सगळ्यांची नाकं लाल दिसायची.

शाळेच्या पटांगणात पहिली सभा झाली. मोठ्या डॉक्टरांनी माइकवर सांगितलं, "आम्हाला त्रास असलेली मुलं हवी आहेत, आणि तितकीच कंट्रोलची मुलं हवी आहेत. कंट्रोलला जितके जास्त येतील तितकं चांगलं."

झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शटर वर केलं तर समोर ही रांग. हातात कॅन, बगलेत पिशव्या, कडेवर पोरं. सगळ्यात पुढं डोंगरपट्टीतल्या पाड्यावरची तानी, तिच्या पोराला, जिवल्याला घेऊन. मी म्हटलं, काय गं, आज काय?

"मेंदूचा कंट्रोल सुटला सांगतात," तानी म्हणाली. "पोराचा फोटू काढला का रॉकेल देनार. आमी कॅन आनलाय."

मी घसा फोडून सांगितलं की हा तो कंट्रोल नव्हे. कोण ऐकतो? रेशनवाला 'नाही' म्हणतो म्हणजे माल आतल्या खोलीत आहे, हे आमच्या गिऱ्हाइकांना पिढ्यान् पिढ्या माहीत आहे. शेवटी मी ती अख्खी रांग घेऊन रस्ता ओलांडला आणि शाळेत डॉक्टरांच्या पुढ्यात नेऊन उभी केली. एवढी गर्दी बघून परदेशी बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि माझ्या सदऱ्याला एक बिल्ला लावला. त्यावर 'स्थानिक सहयोगी' असं लिहिलं होतं. अशा रीतीनं मी मेंदूच्या संशोधनात शिरलो.

वर्गात दोन टेबलं मांडली होती. एका टेबलावर लाल फिती, त्रास असलेल्या मुलांसाठी. दुसऱ्यावर हिरव्या फिती आणि पुढं पाटी, कंट्रोल. लाल टेबलापाशी एक डॉक्टरीण दिवसभर माश्या मारत बसली आणि हिरव्या टेबलापाशी चेंगराचेंगरी. स्वतःच्या पोराला त्रास आहे असं चारचौघांत कोण सांगतो, तेही रॉकेल सोडून?

मग त्यांनी चाळणी लावली. पुण्याच्या एक बाई छापील प्रश्न वाचायच्या. ते प्रश्न इंग्रजीतून ज्या कुणी मराठीत आणले होते त्याला माणसं मराठीत बोलतात हे कुणी सांगितलं नसावं. साखरबाईच्या वेळी मी बिल्ला लावून शेजारीच उभा होतो.

"आपले अपत्य नेत्रसंपर्क टाळते का?"

साखरबाईला 'नेत्र' तेवढं समजलं. "डोळे चांगले हायेत बाई. पार वळणावरची येष्टी वळखतो."

"त्याच्या वर्तनात पुनरावृत्ती आढळते का?"

"वर्तन लई चांगलं. आजवर कुनाला एक शिवी दिली न्हाई."

"एकाच गोष्टीत दीर्घकाळ रमते का?"

"रमतंय तर! दोरे लावाया बसलं की जेवनाचं भान न्हाई."

"समवयस्कांशी कलह करते का?"

"त्ये काय?"

"भांडतो का इतर मुलांशी?"

"कवाच न्हाई."

यातलं एकही उत्तर खोटं नव्हतं. पुण्याच्या बाईंनी दृष्टी उत्तम, वर्तन उत्तम, एकाग्रता उत्तम असं ठरवलं आणि आनंदाच्या मनगटाला हिरवी फीत बांधली. तो फितीचा दोरा निरखत गप्प बसला होता. गप्प बसलेलं पोर म्हणजे गुणी पोर, हे तर शिकलेल्यांना कुणी शिकवावंही लागत नाही.

तानीचा जिवल्या मात्र खिडकीच्या गजांवर चढला, तिथून कौलांवर गेला आणि खाली उतरायचं नाव घेईना. त्याला लाल फीत. अतिचंचल. तानी चिडून म्हणाली, "तो धावला नाय तं बकऱ्या कोन आनील? हे डाक्टर आनतील?" डॉक्टरांनी हसून मान हलवली. त्यांना वाटलं, आई सहकार्य करते आहे.

हे जरा जास्तच झालं असं वाटून मी मोठ्या डॉक्टरांना गाठलं आणि कंट्रोल म्हणजे तुमच्याकडे नेमकं काय ते विचारलं. त्यांनी समजावून सांगितलं. कंट्रोल म्हणजे ज्यांना काहीही झालेलं नाही अशी मुलं, ज्यांच्याशी बाकीच्यांची तुलना करायची. मी म्हटलं, साहेब, मग तुमच्या फिती एकदा तपासून घ्या. ते म्हणाले, "कमलाकांतजी, प्रश्नावली तीन देशांत तपासलेली आहे." तीन देशांपुढं एका रेशन दुकानाचं काय चालणार? मी बिल्ला सरळ केला आणि घरी आलो.

पण संध्याकाळी खानावळीत जाऊन साखरबाईला मात्र सगळं सांगितलं. म्हटलं, साखर मिळणार नाही, रॉकेल मिळणार नाही. कंट्रोल म्हणजे ज्यांच्या डोक्यात काही बिघाड नाही अशी पोरं. तुमचा आनंदा चुकून त्यात गेला आहे. उद्या लाल फीत मागून घ्या.

ती पीठ मळायची थांबली. "म्हंजी, हिरवी फीत हाय तवर डाक्टरच्या लेखी त्याला काय झालेलं न्हाई?"

"तसंच."

"आन् लाल घेतली तर बिघाड हाय असं तेच सांगणार?"

"हो."

"मंग लाल घिऊन त्यावर विलाज देणार हायेत का?"

मी खरं ते सांगितलं. इलाज देणार नाहीत, नुसते फोटो काढणार आहेत.

"मंग ऱ्हाऊ द्या हिरवीच," ती म्हणाली. "सगळ्यांनी मिळून त्याला येगळा काढला, कमलाकांतभाऊ. कुणी चुकून चांगल्या पोरांत बसवला असंल तर मी आई होऊन त्याला तिथून उठवू व्हय?"

मी गेल्या कित्येक वर्षांत पहिल्यांदाच तिच्याशी न भांडता उठलो आणि माझाच मला राग आला.

फोटोच्या दिवशी मुंबईला जायला बस ठरवली होती. आता फोटो म्हटल्यावर आमची माणसं काय करतात? नटतात. पोरांना पावडर, काजळ, बदामाचं तेल, गळ्यात चांदीच्या साखळ्या, कमरेला करगोटे. वामन गुरुजींचा मुलगा कंट्रोलमधला पहिला उमेदवार, वर्गात नेहमी पहिला येणारा. त्याला पितळी बटणांचा सफारी शिवला होता. मुंबईला पोचल्यावर कळलं की त्या मशीनच्या खोलीत लोखंडाची टाचणीसुद्धा चालत नाही. सगळे दागिने, बटणं, ताईत उतरवून पोरांना हॉस्पिटलचे निळे झगे घातले. आयांचे चेहरे पडले. एवढ्या लांब फोटोला यायचं आणि झग्यात फोटो काढायचा, हे कुणाच्याच मनाला येईना.

मशीन म्हणजे एक बोगदा. त्यात पोराला आडवं सरकवायचं आणि मग अर्धा तास तरी हलायचं नाही. आत आवाज सुरू झाला की भले भले घाबरतात. पहिला गेला गुरुजींचा मुलगा. आवाज सुरू होताच त्यानं अशी किंकाळी फोडली की काचेपलीकडचे गुरुजी उभे राहिले. पाय झाडले, झगा ओला केला, आणि "पप्पा, पप्पा" करत तो बाहेर आला ते शिस्तीच्या कुठल्याही व्याख्येत बसत नव्हता. त्याच्या फोटोत नुसते ढग आले. मग एकामागून एक, हिरव्या फितीची सगळी गुणी बाळं रडली, लाथा झाडल्या, बाद झाली. परदेशी बाई कपाळाला हात लावून बसल्या.

मग आनंदाचा नंबर आला. साखरबाई माझं मनगट धरून उभी होती. तिची नखं रुतत होती. पोराला आत सरकवलं. मशीन सुरू झालं.

खटाखट, खटाखट, खटाखट.

मी साखरबाईकडे बघितलं, तिनं माझ्याकडे. तो तर मागाचा आवाज होता. त्यांच्या खोलीची मागची भिंतच जणू कुणी मुंबईला आणून ठेवली होती. आनंदा आत असा पडून राहिला की मशीनवाला दोनदा डोकावून आला, पोरगा श्वास घेतो आहे ना ते बघायला. अर्धा तास झाला, बाहेर काढलं, तर हा पठ्ठ्या स्वतःहून परत आत सरकायला लागला. मशीनवाला म्हणाला, "ऐसा बच्चा मैंने पहले नहीं देखा." मोठे डॉक्टर परदेशी बाईंना म्हणाले, बघा, निरोगी मेंदूची हीच तर खूण, स्वतःवर ताबा. परदेशी बाईंनी आनंदाचा गालगुच्चा घ्यायला हात पुढं केला आणि तो त्यांच्या खांद्यावरून मागं, मशीनकडे, प्रेमानं बघत राहिला.

वर्ष गेलं. संशोधकांनी केळव्याला बराच विचार केला असावा, कारण मग निकाल छापून आला आणि समारंभ ठरला. शाळेच्याच पटांगणात मांडव. यजमान वामन गुरुजी. व्यासपीठावर तिन्ही संस्थांचे लोक, दिल्लीचे गृहस्थसुद्धा, आणि मधोमध चौकटीत बसवलेला मोठा फोटो, एका मुलाच्या मेंदूचा. खाली इंग्रजीत आणि मराठीत लिहिलेलं, 'निरोगी बालकाचा मेंदू, बोईसर'. मोठ्या डॉक्टरांनी भाषणात सांगितलं की इतका स्वच्छ फोटो तिन्ही संस्थांना दुसरा मिळालेला नाही, की बाकी सगळ्या मेंदूंची तुलना आता या मेंदूशी केली जाते, आणि हा मेंदू आपल्या बोईसरच्या कुमार आनंदा पुंजाराम याचा आहे. टाळ्या पडल्या. मी गुरुजींकडे बघत होतो. गुरुजींनीही टाळ्या वाजवल्या, पण त्यांच्या टाळीला आवाज नव्हता.

सूत्रसंचालकानं पुकारलं, "आता वामन गुरुजींच्या हस्ते या प्रतिमेला पुष्पहार."

प्रतिमा म्हटली की हार, ही गुरुजींच्या हाताला लागलेली सवय. त्यांनी झेंडूचा हार घेतला आणि फोटोला घातला. उदबत्ती लावायला काडी ओढतात तोच साखरबाई मांडवातून उठली ती थेट व्यासपीठावर.

"गुर्जी! जित्या लेकराच्या फोटूला हार घालतेत व्हय? त्यो मेलाय का?"

तिनं हार ओढून काढला आणि आनंदाच्या गळ्यात घातला. मांडवात जे हसू फुटलं ते आवरेना. परदेशी बाईंना वाटलं हा इथला काही विधी आहे. त्यांनी हात जोडले.

आनंदा आता माइकच्या समोर होता. त्या दिवशी शुक्रवार होता. समारंभाला कामगारांनी यावं म्हणून मुद्दाम वसाहतीच्या सुट्टीचा दिवस निवडला होता. माग बंद, सगळीकडे माणसांचा गलका. पोरानं हात कानांवर घेतले, जागच्या जागी डुलायला लागला आणि तोंडानं सुरू झाला. खटाखट, खटाखट, खटाखट. माइकमधून ते अख्ख्या बोईसरनं ऐकलं.

मोठे डॉक्टर शाल घेऊन त्याच्यापाशी आले होते. ते वाकले, त्याला हाक मारली, पुन्हा मारली. त्याच्या डोळ्यांत बघायचा प्रयत्न केला. मग त्यांच्या चेहऱ्यावरचं रक्त मी माझ्या डोळ्यांनी उतरताना बघितलं. माणूस मुळात हुशार होता, फक्त वर्षभर उशिरा पोचला. त्यांनी फोटोकडे पाहिलं, छापील पुस्तिकांच्या गठ्ठ्याकडे पाहिलं, दिल्लीच्या गृहस्थांकडे पाहिलं. साखरबाई त्यांच्याकडे बघत होती. तिला कळलं होतं की यांना कळलं आहे. यांनी आता एक वाक्य उच्चारलं की हार गेला, हिरवी फीत गेली आणि शाळा गेली.

डॉक्टरांनी माइक जवळ ओढला. घसा खाकरला.

"मुलं… लाजाळू असतात," ते म्हणाले.

दया म्हणून बोलले की छापलेलं परत घ्यायला तीन संस्थांच्या सह्या लागतात म्हणून, ते मला आजवर ठरवता आलेलं नाही. माझा स्वभाव वाईट, मी सह्याच धरतो. पण त्या क्षणी मला तो माणूस आवडला हेही खरं आहे.

साखरबाईनं मात्र वेळ दवडला नाही. माइक तिथंच होता.

"गुर्जी, बिघाड न्हाई असं मोठ्या डाक्टरचं आना म्हनला होतात. ह्ये डाक्टर. ह्यो फोटू. उद्या शनवार, सकाळची शाळा. किती वाजता आनू?"

मांडवातली सगळी डोकी, फोटो काढलेली आणि न काढलेली, गुरुजींकडे वळली. गुरुजींनी घाम पुसला.

"साडेसातला," ते म्हणाले.

शब्दाचे पक्के निघाले, दुसरा उपायच नव्हता. आनंदा शाळेत बसायला लागला. जिवल्याची लाल फीत मात्र कुणी सोडवली नाही. तानीनं तिची बकरीला दोरी केली, आणि तिचा तो एवढाच उपयोग झाला असं मला वाटतं.

आनंदाचं चार दिवस बरं चाले, आणि शुक्रवार आला की माग बंद आणि शाळा चालू. पहिल्याच शुक्रवारी त्यानं बाक उलटवला. गुरुजी रस्ता ओलांडून माझ्या दुकानात आले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "कमलाकांत, आता काय करू? काढला तर डॉक्टर खोटे ठरतात. ठेवला तर शाळा चालत नाही." मी म्हटलं, गुरुजी, मी स्थानिक सहयोगी आहे, पण उपाय साखरबाईकडे आहे.

पुढच्या शुक्रवारपासून ती काठवट, पीठ आणि तवा घेऊन शाळेच्या व्हरांड्यात बसायला लागली. आत पाढे, बाहेर थप थप थप. आनंदा खिडकीजवळच्या बाकावर दोरे लावत शांत बसायचा. ज्या शाळेत मुलं परवानगी घेऊन खोकायची तिथं दर शुक्रवारी चूल पेटायला लागली, आणि मधल्या सुट्टीत गुरुजी स्वतः गरम भाकरी आणि ठेचा खाऊ लागले. सुरुवातीला पाठ फिरवून खायचे, मग समोरासमोर.

अशाच एका शुक्रवारी शिक्षण खात्याचे साहेब न कळवता तपासणीला आले. त्यांच्याबरोबर मीही व्हरांड्यात पोचलो, शाळेत मुलांना वाटायच्या तांदळाचा हिशेब द्यायचा होता म्हणून. साहेबांनी चूल पाहिली, धूर पाहिला, साखरबाईला पाहिलं. मग खिडकीतून आत, एका ओळीत दोरे लावणाऱ्या आनंदाला पाहिलं, आणि त्यांचा आवाज चढला.

"हे काय चाललंय? आणि हा कुठला मुलगा? हा असा का बसलाय?"

मी म्हटलं, संपलं. आता गुरुजी सभ्यपणे हात झटकणार. प्रकल्प आटोपला होता, डॉक्टर निघून गेले होते, गुरुजींना आता कुणाची भीती नव्हती. साखरबाईची मान खाली होती, पण थापायचा वेग वाढला होता.

वामन गुरुजी वर्गाच्या दारात आले. समारंभानंतर शाळेच्या भिंतीवर लावलेल्या त्या बिनहाराच्या फोटोकडे त्यांनी बोट केलं असतं तरी काम भागलं असतं. त्यांनी केलं नाही.

"हा आनंदा, साहेब," गुरुजी म्हणाले. "आमचा मुलगा आहे. असाच बसतो."

व्हरांड्यातली थाप थांबली. मी वळून बघितलं. पिठाचे हात तसेच धरून साखरबाई चुलीकडे बघत होती आणि तिचे ओठ थरथरत होते. जालन्याहून आल्यापासून मी त्या बाईला रडताना पाहिलं नव्हतं. पदर शोधायला तिनं हात उचलला तेवढ्यात आत बाक करकरला आणि आनंदानं जोरात आरोळी ठोकली.

तिनं घाईघाईनं पिठाचा उंडा उचलला आणि पुन्हा थापायला लागली. धड रडूही दिलं नाही त्या पोरानं.